हँडल मारील त्याला म्होरली शीट

त्या वर्षांत मी धाराशिव ते येडशी स्टेशन अशी सर्व्हिस मोटार चालवत होतो. कागदावर गावाचं नाव उस्मानाबाद, तोंडात धाराशिव. मोटार मालकाची होती, रस्ता सरकारचा होता, दुखणं तेवढं माझ्या मालकीचं होतं. डॉक्टर त्याला अंतर्गळ म्हणतात. आमच्याकडं सरळ म्हणतात, आतडं उतरलंय.

ते मला मोटारीनंच दिलं. लढाई चालू होती आणि पेट्रोल चिठ्ठीवर मिळायचं. मालकानं मोटारीच्या पाठीमागं कोळशाची भट्टी बसवून घेतली. सकाळी तिच्यात कोळसा ओतायचा, पेटवायचा, अर्धा तास पंखा फिरवायचा, गॅस धरला की पुढं येऊन हँडल मारायचं. पेट्रोलवर जी मोटार दोन फेऱ्यांत उठायची ती गॅसवर दहा-बारा फेऱ्या घ्यायची, आणि थंडीत वीसही. हँडल मारायला पूर्वी किन्नर, म्हणजे क्लीनर, होता. तो पलटणीत भरती झाला आणि त्याच्या जागी दुसरा माणूस घ्यायचं मालकाला कधी आठवलं नाही. मग मीच कोळशेवाला, मीच किन्नर, मीच डायवर.

एका पौषातल्या सकाळी हँडल मारताना उजव्या जांघेत नाडी सुटावी तसं काहीतरी सुटलं. मला वाटलं, शीर धरली असेल. संध्याकाळी अंघोळीला बसलो तेव्हा तिथं सुपारीएवढा उंचवटा दिसला. बोटानं दाबला तर गुर्र करून आत गेला. उभा राहिलो तर परत बाहेर. पहिल्या दिवशी मला त्याची गंमत वाटली, हे आता सांगायला लाज वाटते. बायकोला बोलावून दाखवलं, आणि तीही हसली.

सहा महिन्यांत गंमत संपली. सुपारीचं लिंबू झालं. माझ्या बायकोचं माहेर अक्कलकोटाकडचं, हात शिवणकामाला चांगला. तिनं जुन्या लुगड्याच्या पट्ट्या एकावर एक शिवून, मध्ये घोंगडीच्या तुकड्याची गादी घालून कमरेचा पट्टा करून दिला. तो घट्ट बांधला की दिवस निघायचा. पण खोकला आला, शिंक आली, कुणी हसवलं, की पट्ट्याचा भरवसा नसायचा. तेव्हा उजवा हात आपसूक तिथं जायचा आणि दाबून धरायचा. मी हाताला कधी सांगितलं नव्हतं, तोच शिकला. दोन वर्षांत हात इतका पक्का झाला की मला खोकल्याची चाहूल लागायच्या आधी त्याला लागायची.

हँडलचं काय करायचं, हा खरा प्रश्न होता. सगळ्यांसमोर "माझ्यानं होत नाही" म्हणायची माझी तयारी नव्हती. डायवर म्हणजे त्या काळी गावात मोठा माणूस, लोक रस्त्यात थांबून रामराम घालायचे. म्हणून मी एक कायदा काढला. डायवरशेजारच्या शीटसाठी रोज भांडणं व्हायची, कारण मागं भट्टीची धग आणि धूर, आणि पुढं वारा. एके दिवशी मी जाहीर केलं, "आजपासनं हँडल मारील त्याला म्होरली शीट." लोकांना ते लई आवडलं. तालमीतली पोरं, साळी, बैलबाजाराला निघालेले शेतकरी, सगळे हँडलवर तुटून पडायला लागले. एकानं दमून सोडलं की दुसरा हजर. मी बाजूला उभा राहून "अजून दोन, अजून दोन" म्हणायचो. अडीच वर्षं मी असा साहेबासारखा राहिलो आणि माझं दुखणं त्या शीटखाली लपलं.

निदान मला तसं वाटत होतं. रोजच्या उतारूंत चुड्या विकणारी एक म्हातारी होती. टोपल्या घेऊन ती येडशीला आणि तिथून छोट्या गाडीनं बार्शीकडं जायची. माझ्या बायकोच्या हातात चुड्या तीच भरायची. बायकांचं चुड्या भरताना जे बोलणं होतं ते कुठल्याही कोतवालीत होत नाही. तिला सगळं माहीत होतं, आणि तिला माहीत म्हणजे मोटारीतल्या निम्म्या लोकांना माहीत. पण कुणी कधी माझ्या तोंडावर बोललं नाही. हे मला फार उशिरा कळलं.

ऑपरेशन का करून घेतलं नाही, असं आता नातवंडं विचारतात. घाबरत होतो म्हणून. आमच्या गल्लीतला एक माणूस दवाखान्यात टेबलावर झोपला तो चादरीतच बाहेर आला होता. शिवाय दोन महिने घरी बसलो असतो तर मालकानं दुसरा डायवर आणला असता, आणि दोन महिन्यांनी मला कोण विचारणार होतं?

अशातच हुकूम निघाला. लायसन नवं करायचं तर जिल्ह्याच्या सरकारी डॉक्टरचा सदाकतनामा पाहिजे. माणूस डोळ्यांनी, कानांनी, अंगानं धडधाकट आहे असा दाखला. तो नाही तर लायसन नाही. मला महिन्याभराची मुदत मिळाली.

मी घरी येऊन तो कागद बायकोपुढं ठेवला आणि भिंतीला टेकून बसलो. लायसन गेलं तर मला दुसरं काही येत नव्हतं. वडिलांची दोन बैलांची भाड्याची गाडी होती. ती मोडून मी मोटारीच्या नादाला लागलो होतो. पोती उचलायची तर आतडं येणार, नांगर धरायचा तर येणार. ज्या कामानं हे दुखणं दिलं तेवढं एकच काम मला ते दुखणं घेऊन करता येत होतं. मी इतका थकलो होतो की घाबरायलाही जोर राहिला नव्हता.

बायको मात्र कामाला लागली. डॉक्टर खोकायला लावतो, हे तिला चुड्यावालीकडून कळलं होतं. खोकताना माझा हात गेला की संपलं. म्हणून रोज सकाळी मोटारीवर जायच्या आधी ती मला अंगणात उभं करायची, दोन्ही हात डोक्यावर ठेवायला लावायची, आणि लाटणं घेऊन पुढं बसायची.

"खोका."

मी खोकायचो. हात सुटून खाली यायचा.

"हात! पुन्ना गेला बगा. ब्याड म्हणलं की ब्याड." आणि मनगटावर लाटणं बसायचं. रागावली की तिच्या तोंडी माहेरची कानडी यायची; ब्याड म्हणजे नको.

"आगं, म्या न्हाय नेत. त्योच जातुय."

"मंग त्येला सांगा, लायसन गेलं तर जेवायचं कशानं."

पोटाला धक्का न लावता नुसतं घशातून खोकायचं, ही युक्तीही तिचीच. वीस-पंचवीस दिवस आमच्या अंगणात हा खोकल्याचा क्लास चालला. पलीकडच्या घरातल्या काकूंना वाटलं, डायवराला क्षय झाला. त्यांनी मायेनं अडुळशाचा काढा पाठवायला सुरुवात केली. तो कडू जहर काढा मी रोज प्यायचो, कारण का नको ते सांगता येत नव्हतं.

तपासणीच्या दिवशी मी पट्टा सोडून पिशवीत घातला. दवाखान्यामागं पिंपळाचा पार होता. तिथं उताणा पडून, पाय झाडाच्या बुंध्यावर उंच लावून, लिंबू आत ढकललं आणि तसाच पडून राहिलो. येणारे-जाणारे बघत होते. हाळी आली तेव्हा शेवटच्या क्षणाला उठलो आणि पाऊल हळू टाकत आत गेलो.

डॉक्टर हैदराबादकडचे, वय पन्नाशीच्या पुढं, अंगानं उंच आणि सडपातळ. काळी शेरवानी, काड्यांचा चष्मा. ते उर्दूत बोलायचे आणि मला उर्दू कळायची. त्यांनी खुर्चीत बसूनच माझे डोळे बघितले, लोकरीचे रंगीत धागे ओळखायला लावले, कानाशी घड्याळ धरलं. मग म्हणाले, "कपडे उतारो."

मी सगळं उतरवलं. गळ्यात चांदीच्या चौक्यातलं इष्टलिंग तेवढं राहिलं.

"ये भी."

"ते उतरत न्हाय साहेब. मेल्यावर बी न्हाय."

त्यांनी मान हलवली आणि पुन्हा तो विषय काढला नाही. टेबलाच्या कडेचा आधार घेऊन ते उठले, पुढं आले, गार बोटं माझ्या जांघेला लावली. "खांसो."

हात डोक्यावर घट्ट धरून मी घशातून खोकलो.

"और एक बार."

पुन्हा खोकलो. बोटं माझ्या जांघेत होती, पण चष्म्यातून ते माझ्या डोक्यावरच्या हातांकडं बघत होते. एकमेकांत गुंतवलेल्या बोटांची नखं पांढरी पडलेली मलाच जाणवत होती. त्यांनी बराच वेळ पाहिलं. मग "ठीक" म्हणाले, खुर्चीत बसले आणि कागदावर सही केली.

मला आनंद व्हायला पाहिजे होता. मी पारावर येऊन बसलो आणि पट्टा बांधायचंही सुचेना. एवढी महिन्याची धडपड कशासाठी, तर उद्या सकाळी उठून पुन्हा कोळसा ओतण्यासाठी. पुढचं एक वर्ष मला समोर दिसत होतं, येडशीपर्यंत आणि येडशीहून. तरीपण कागद खिशात होता. डॉक्टरची बोटं म्हातारी झाली असतील, असं मनाशी म्हणून मी मोटारीकडं गेलो.

दुपारच्या खेपेला मोटार अड्ड्यावर लागली, मी भट्टी पेटवली, उतारू भरले, आणि समोरून डॉक्टर आले. पाठीमागं दवाखान्याचा शिपाई डोक्यावर लोखंडी ट्रंक घेऊन. शिपायानं ट्रंक टपावर चढवली, सलाम केला आणि निघून गेला. डॉक्टर येऊन पुढच्या शीटवर बसले. जिल्ह्याचा डॉक्टर दुसरीकडं कुठं बसणार? कुणी त्यांना कायदा सांगायला धजलं नाही.

आणि तिथं घोटाळा झाला. पुढची शीट गेली, म्हणजे हँडल मारायचं कुणाला कारण उरलं नाही. तालमीतली दोन पोरं होती, एक साळी होता, सगळे आपापल्या जागी बसून माझ्याकडं बघत होते. गॅस वाया चालला होता, येडशीची गाडी कुणासाठी थांबणार नव्हती. मी कुणाला "ये रे" म्हणालो असतो तर डॉक्टरांनी विचारलं असतं, तू का नाही मारत? सकाळीच त्यांनी मला धडधाकट ठरवलं होतं. मी खाली उतरलो, पुढं गेलो, हँडल बसवलं. काय होईल ते होवो म्हणून वाकलो.

मागून चुड्यावाली म्हातारी उठून उभी राहिली. "ओ डाक्टरसाब!" असा तिचा आवाज अख्ख्या अड्ड्याला ऐकू गेला. "सामने बैठे ना, तो हँडल तुम मारना पडता. ये मोटार का कायदा है. उस अप्पा कू नक्को मारने देव, उसकी आंत उतरती."

ती माझ्या भल्यासाठीच बोलली होती. मी हँडल धरून वाकलेलाच राहिलो. काचेतून डॉक्टर माझ्याकडं बघत होते. खिशातला कागद मला छातीशी टोचत होता. संपलं, असं वाटलं.

डॉक्टर उतरले. शांतपणे माझ्याजवळ आले आणि हात पुढं केला. मी हँडल सोडलं. ते धरून ते वाकले. तेवढ्यात भट्टीच्या धुराचा लोट मागून फिरून पुढं आला आणि त्यांना खोकला आला.

त्यांचा डावा हात जांघेकडं गेला आणि दाबून बसला.

मी तो हात ओळखला. अख्ख्या धाराशिवात तो हात ओळखणारा माझ्यासारखा दुसरा कुणी नसेल. डॉक्टरांनी वर पाहिलं, मी ओळखलंय हे त्यांना कळलं. मग ते ताठ झाले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "कायदा म्हणजे कायदा. मी मागं बसतो."

जिल्ह्याचा डॉक्टर मागं जाऊन चुड्यांच्या टोपल्या आणि मिरच्यांचं पोतं यांच्यामध्ये बसला. लोकांनी तोंडात बोटं घातली. केवढा हा मोठेपणा, असं पुढं महिनाभर लोक बोलत होते. पुढची शीट मोकळी झाल्याबरोबर साळी धावला आणि आठव्या फेरीत मोटार उठली. सगळा रस्ता मी मागं वळून बघितलं नाही.

येडशीला उतारू पांगले. लांबून छोट्या गाडीची शिट्टी ऐकू आली. हमाल मालधक्क्यावर गेले होते. ट्रंक टपावर होती. खाली डॉक्टर आणि मी, दोघंही मान वर करून त्या ट्रंकेकडं बघत उभे राहिलो. दोघांपैकी कुणीच शिडीला हात लावला नाही.

त्यांचं बोलणं उर्दूत झालं. मला जसं आठवतं तसं माझ्या भाषेत सांगतो.

"किती वर्षं?" त्यांनी विचारलं.

"तीन."

"माझी सात. डावीकडं."

मी म्हणालो, "साहेब, सकाळी तुम्हाला कळलं होतं?"

"तू घशातून खोकत होतास. आणि हात असे धरले होतेस, जसे चोराचे बांधतात."

"मग सही का केलीत?"

"गॅसची मोटार येडशीपर्यंत आणणारा ह्या गावात दुसरा कोण आहे? तुला नापास केलं असतं तर मला आज इथं कुणी आणलं असतं? मी स्वार्थी माणूस आहे." मग आवाज खाली आणून म्हणाले, "ह्या जिल्ह्यात हे ऑपरेशन मी एकटा करतो. सात वर्षं लोकांना सांगतोय, घाबरू नका, आठ दिवसांत बसता व्हाल. पण माझं कोण करणार? कंपाउंडर? म्हणून हैदराबादला निघालोय. दोनदा सुट्टी मंजूर करून घेतली आणि दोनदा ट्रंक परत उघडली. मी फार घाबरतो."

एवढा शिकलेला माणूस मला असं सांगत होता. मला त्यांच्याबद्दल माया वाटली आणि रागही आला.

"एक दिवस ते आत जाणार नाही," ते म्हणाले. "कितीही दाबलंस तरी. मग हातात फक्त काही तास असतात. तेव्हा तू कुठं असशील, हे आधी ठरवून ठेव. मी परत आलो तर तुझं करीन."

"आन् न्हाय आलात तर?"

"तर तो कागद वर्षभर चालेल."

चुड्यावाली म्हातारी टोपल्या घेऊन फलाटाकडं निघाली होती. ती थांबली, आमच्याकडं बघून कपाळावर हात मारला. "दोन-दोन बाप्ये हुभे, आन् एक टरंक उतरंना व्हय?" तिनं साळ्याला हाक मारून परत बोलावलं. त्यानं एका झटक्यात ट्रंक डोक्यावर घेतली आणि पळत गेला. डॉक्टर त्याच्यामागं हळूहळू चालत गेले.

पौष गेला, माघ गेला. मी रोज दोनदा येडशीला जात होतो आणि रोज दोनदा गाडीतून उतरणारी माणसं बघत होतो. काळी शेरवानी दिसली नाही. दवाखान्यात विचारलं तर शिपाई म्हणायचा, काही खबर नाही.

फाल्गुनात एक दिवस रामलिंगाच्या वळणाच्या अलीकडं मला ते झालं. चालवता चालवताच पट्ट्याखाली दगड आल्यासारखं वाटलं. मोटार थांबवली, दाबून पाहिलं, आत जाईना. कपाळावर घाम फुटला, पोटातून कळ उठली. कुणाला काही न सांगता मी उतरून रस्त्याकडेच्या चारीत उताणा पडलो आणि पाय मडगार्डवर उंच टाकले. कुणी ओरडलं नाही, कुणी "काय झालं" विचारलं नाही. बाप्ये पाठ फिरवून उभे राहिले. म्हातारी आली आणि पदर दोन हातांनी धरून माझ्या आणि मोटारीच्या मध्ये आडोसा करून उभी राहिली. ऊन डोक्यावर होतं. मी एका हातात गळ्यातलं इष्टलिंग धरलं आणि दुसऱ्या हातानं दाबत राहिलो.

किती वेळ गेला ते माहीत नाही. येडशीची गाडी चुकली एवढं माहीत आहे. शेवटी गुर्र असा तो ओळखीचा आवाज आला आणि कळ उतरली.

मी तिथंच पडून राहिलो. डॉक्टरांनी त्या दिवशी मला नापास केलं असतं तर किती बरं झालं असतं, असं मला पहिल्यांदा वाटलं. कुणीतरी मला "तुझ्यानं होत नाही, घरी बस" असं म्हणावं, याचीच मी इतके दिवस वाट बघत होतो बहुतेक. तेवढं मात्र कुणी म्हणत नव्हतं. उलट गाडी चुकलेले ते सगळे लोक माझ्यासाठी उन्हात थांबले होते. त्यांतल्या एकानं न विचारता जाऊन हँडल मारलं, आणि पुढच्या शीटवर बसला नाही.

घरी बायकोला सांगितलं. तिनं त्याच रात्री पट्ट्यावर आणखी एक पट्टी शिवली. त्या दिवसापासून मी मोटार चालवताना भट्टीचा आवाज कमी आणि स्वतःच्या पोटाचा जास्त ऐकायला लागलो.

चैत्र लागला. दुपारच्या छोट्या गाडीतून उतरलेले लोक मोटारीकडं आले, नेहमीसारखी हँडलपाशी रेटारेटी सुरू झाली. मी सावलीला उभा होतो. रेटारेटी अचानक थांबली म्हणून पाहिलं. डॉक्टर होते. आधीच सडपातळ, आता अर्धेच उरले होते, शेरवानी खांद्यावरून लोंबत होती. त्यांनी चष्मा काढून खिशात घातला, लोकांना हातानं बाजूला सारलं आणि हँडल धरलं.

"साहेब, नको," मी ओरडलो.

त्यांनी ऐकलं नाही. एक फेरी. दोन. तीन. म्हातारी तोंडाला पदर लावून बघत होती. चौथ्या फेरीनंतर ते थांबले, धापा टाकल्या, धुरानं खोकले. खोकताना त्यांचे दोन्ही हात हँडलवरच होते. मी फक्त ते हात बघत होतो. सहाव्या फेरीला मोटार उठली.

डॉक्टर घाम पुसत वळसा घालून आले आणि पुढच्या शीटवर बसले. मी माझ्या जागी चढलो. स्टेअरिंग धरलं, पण मोटार काढता येईना. मी रडत होतो. सगळ्या मोटारीसमोर, डायवर असून. चार महिने मी त्या माणसाला मनातल्या मनात शिव्या दिल्या होत्या, आणि तो मला दाखवायला सहा फेऱ्या हँडल मारून आला होता.

"अब ये सीट मेरी," ते समोर बघत म्हणाले. "तुझी पाळी सोमवारी."

मालकाला मी काय सांगितलं आणि तो काय बोलला ते लिहीत नाही. सोमवारी मी गेलो. टेबलावर झोपलो तेव्हा दात वाजत होते. डॉक्टर म्हणाले, घाबरू नकोस. मग स्वतःच म्हणाले, "नाही, घाबर. मीपण घाबरलो होतो."

अठराव्या दिवशी त्यांनी मला उभं केलं. टाक्यांची जागा बघितली, बोटं लावली. दारात बायको उभी होती, शेजारच्या काकूंनी दिलेला काढ्याचा तांब्या घेऊन.

"खांसो. पोटातून."

मी श्वास घेतला आणि माझा उजवा हात आपला निघालाच. डॉक्टरांनी तो मध्येच धरला आणि बाजूला करून धरून ठेवला.

मी पोटातून खोकलो. त्यांच्या बोटांखाली काहीच आलं नाही.